पोटाच्या दुखण्याने गेलेली माणसे

आमच्या घरात आजोबांविषयी बोलताना एक वाक्य ठरलेले होते: ते पोटाच्या दुखण्याने गेले. कोणते दुखणे, पोटाच्या कोणत्या भागात, किती महिने चालले, ते गेले तेव्हा त्यांचे वय काय होते, हे कोणी सांगत नसे आणि आम्हा नातवंडांनाही ते विचारावेसे वाटले नाही. आजोबांच्या धाकट्या भावाविषयीही हेच वाक्य वापरले जाई. दोन माणसांसाठी एकच वाक्य पुरते, यात काही विचार करण्यासारखे आहे, हे माझ्या लक्षात यायला मला वयाची एकोणचाळीस वर्षे लागली.

बाबांना ४६ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. निदान होण्यापूर्वी जवळजवळ वर्षभर ते थकलेले असत. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी आले, तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. थोडा फरक पडला, मग पुन्हा कमी झाले, पुन्हा गोळ्या दिल्या गेल्या. गाठ आतड्याच्या उजव्या भागात होती. त्या भागात मळ अजून पातळ असतो, त्यामुळे गाठ बरीच वाढेपर्यंत अडथळ्याची लक्षणे दिसत नाहीत, आणि थोडे थोडे झिरपणारे रक्त मळात इतके मिसळून जाते की डोळ्यांना कळत नाही. ते कळते फक्त रक्ताल्पतेतून. त्या वर्षभरात बाबांना ‘तुमच्या वडिलांना काय झाले होते’ असे एकानेही विचारले नाही, आणि विचारले असते तरी उत्तर तेच मिळाले असते: पोटाचे दुखणे. बाबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले.

त्याआधी चार वर्षे आत्याला गर्भाशयाचा कर्करोग झाला होता. तिचे वय तेव्हा ४८ होते. शस्त्रक्रिया झाली, ती बरी झाली आणि आजही खणखणीत आहे. एका आजाराचा दुसऱ्याशी संबंध असेल, हे कोणाच्या मनातही आले नाही. अवयव वेगळे, डॉक्टर वेगळे, फाइली वेगळ्या. आणि मनात एक पक्की समजूत अशी की गर्भाशयाचे आजार बायकांच्या बाजूने येतात, म्हणजे आईकडून मुलीकडे. भावाच्या आतड्याशी त्यांचे काय नाते असणार?

हे नाते मला दाखवून दिले ते एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी. मी अगदी वेगळ्या तक्रारीसाठी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे घरातल्या आजारांविषयी विचारले, मी बाबांचे आणि आत्याचे सांगितले, आणि त्यांचे लिहिणे थांबले. ‘दोघेही पन्नाशीच्या आत?’ एवढाच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला, आणि मला जनुकीय समुपदेशकांकडे पाठवले. पुढे जे काही घडले त्याची सुरुवात या एका प्रश्नापासून झाली, म्हणून या लेखात मी वयांविषयी पुन्हा पुन्हा बोलणार आहे.

समुपदेशकांनी रक्त घेतले नाही. त्यांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल पुढे ठेवली. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, कर्करोग झालेल्या व्यक्तीचे चिन्ह काळे भरायचे, निधन झाले असल्यास त्यावर तिरकी रेघ ओढायची. प्रत्येक काळ्या चिन्हाखाली दोन गोष्टी लिहायच्या होत्या: कर्करोग नेमका कोणत्या अवयवात सुरू झाला आणि तो कळला तेव्हा वय काय होते. मृत्यूच्या वयापेक्षा निदानाचे वय महत्त्वाचे असते, कारण आनुवंशिक धोक्याची पहिली खूण म्हणजे आजाराचे लवकर येणे. सर्वसाधारणपणे मोठ्या आतड्याचा कर्करोग साठीच्या पुढे अधिक आढळतो. एकाच घरात चाळिशीत दोन माणसांना तो व्हावा, हे केवळ योगायोगाने फार क्वचित घडते. माझ्या कागदावर आजोबांच्या चौकोनाखाली मी प्रश्नचिन्ह काढले. आजोबांच्या भावाच्या चौकोनाखालीही.

त्या कागदाला जो इतिहास आहे, तो मी नंतर वाचला आणि त्याने मला हलवून सोडले. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक स्त्री खिन्न दिसली. कारण विचारल्यावर ती म्हणाली की आपण तरुणपणीच जाणार, आपल्या घरातली माणसे जठराच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगानेच जातात. पुढे ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिन यांनी तिच्या बोलण्याकडे दुर्लक्ष केले नाही. त्यांनी तिच्या नातेवाइकांची नोंद करायला घेतली आणि १९१३ मध्ये ‘जी’ या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या त्या कुटुंबाची वंशावळ प्रसिद्ध केली. त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, १९६२ मध्ये, हेन्री लिंच या तरुण डॉक्टरांसमोर एक रुग्ण आला. तो दारूच्या आहारी गेलेला होता, आणि का पितोस असे विचारल्यावर त्याने सांगितले की माझ्या घरातले सगळे कर्करोगाने जातात, मीही जाणार आहे. लिंच यांनी त्याच्या कुटुंबाचा माग काढला, १९६६ मध्ये अशा दोन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि कर्करोग बाह्य कारणांनीच होतो असे बहुतेकांना वाटत असतानाच्या काळात, संशोधनासाठी पैसे नाकारले जात असताना, ते वर्षानुवर्षे वंशावळी गोळा करत राहिले. आज या विकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात.

या दोन्ही गोष्टींत मला सारखे एकच दिसते. पहिले निदान डॉक्टरांनी केलेले नाही. ते त्या शिवणकाम करणाऱ्या बाईने केले आणि त्या रुग्णाने केले. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, जनुकांची माहिती नव्हती. आपल्या घरात कोण कशाने गेले एवढेच त्यांना ठाऊक होते आणि ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले. शोध लागला कारण ऐकणाऱ्याने ते लिहून घेतले. आमच्या घरात वाक्य होते, पण ते सांगितले कोणाला गेले नव्हते आणि लिहिले तर मुळीच नव्हते.

आता त्या विकारात नेमके काय बिघडते, ते सांगते. मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे, त्यामुळे समुपदेशकांनी समजावलेली यंत्रणा मला माझ्या कामाच्या भाषेत लगेच कळली. पेशी विभागताना तिच्यातला सगळा डीएनए नव्याने उतरवून काढावा लागतो. उतरवणारे विकर (एन्झाइम) स्वतःच बऱ्याच चुका जागच्या जागी सुधारते, जसा चांगला अक्षरजुळणीकार सुधारतो. तरीही काही चुका निसटतात. त्या शोधण्यासाठी पेशीत दुसरी, स्वतंत्र तपासणी असते: जुळणी चुकलेली जागा ओळखायची, नव्याने उतरवलेला तेवढा तुकडा कापून काढायचा आणि तो पुन्हा नीट लिहायचा. या कामासाठी लागणारी प्रथिने एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या चार जनुकांच्या सूचनांवरून तयार होतात. यांपैकी एका जनुकात जन्मतः दोष असणे म्हणजे लिंच सिंड्रोम. एपकॅम नावाच्या शेजारच्या जनुकाचा टोकाकडचा भाग गळून गेल्यानेही एमएसएच२ गप्प होते, म्हणून त्याचीही तपासणी करतात.

मुद्रितशोधकाला आणखी एक गोष्ट माहीत असते. चूक सगळ्यात सहज निसटते ती एकच अक्षर किंवा शब्द लागोपाठ पुन्हा येतो तिथे. ‘ते ते’ छापून गेलेले दिसत नाही, कारण डोळा पुढे सरकलेला असतो. डीएनएतही अशा जागा हजारो आहेत, जिथे एकच अक्षर किंवा दोन-तीन अक्षरांचा गट ओळीने पुन्हा पुन्हा येतो. त्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. तपासणी करणारी प्रथिने नसली की याच जागांची लांबी पेशीगणिक कमी-जास्त होऊ लागते, आणि गाठीच्या नमुन्यात ही अस्थिरता मोजता येते. १९९३ मध्ये हे लक्षात आले आणि त्याच वर्षी एमएसएच२ हे जनुक सापडले. पुढच्या वर्षी एमएलएच१. वॉर्थिन यांच्या ‘जी’ कुटुंबातला दोषही अखेरीस एमएसएच२ मध्येच असल्याचे २००० मध्ये स्पष्ट झाले, म्हणजे त्या बाईच्या बोलण्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. लिंच सिंड्रोममध्ये एकच प्रत सदोष असते आणि दुसरीवर पेशीचे काम व्यवस्थित चालते. म्हणून अशी व्यक्ती जन्मतः आजारी नसते. आयुष्यात कधीतरी आतड्याच्या अस्तरातल्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही बिघडते. त्या पेशीत आणि तिच्या वंशजांत चुका साठत जातात. एक प्रत जन्मतः गेलेली असली की दुसरी जाण्याची वाट कमी पाहावी लागते, म्हणून आजार लवकर येतो. अल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या एका बालकर्करोगावरून हा दोन आघातांचा विचार मांडला होता. ‘कर्करोग आनुवंशिक आहे’ असे आपण सहज म्हणतो, ते या अर्थाने चुकीचे आहे. वारशाने येतो तो धोका. मला बाबांकडून कर्करोग मिळाला नाही, एका जनुकाची सदोष प्रत मिळाली, आणि या दोन वाक्यांमधल्या अंतरातच मला आज जे काही करता येते ते सगळे आहे.

हा धोका किती? लिंच सिंड्रोम असलेल्या सगळ्यांचा सारखा नसतो. एमएलएच१ किंवा एमएसएच२ मध्ये दोष असल्यास पंचाहत्तरीपर्यंत मोठ्या आतड्याचा कर्करोग होण्याची शक्यता ढोबळमानाने ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास धरली जाते. एमएसएच६ मध्ये ती बरीच कमी असते आणि पीएमएस२ मध्ये आणखी कमी. स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका एमएसएच२ च्या बाबतीत जवळजवळ आतड्याइतकाच असतो. बीजकोश, जठर, लहान आतडे, मूत्रवाहिनी यांचाही धोका काही प्रमाणात वाढतो. आत्याचे वर्तुळ आणि बाबांचा चौकोन एकाच कारणाने काळे झाले असू शकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजले. सदोष प्रत आईकडून मिळाली की वडिलांकडून, मुलाला मिळाली की मुलीला, याने काहीही फरक पडत नाही. कोणाच्या वळणावर कोण गेले आहे, यानेही नाही. मी दिसायला हुबेहूब आईसारखी आहे आणि त्या एका गोष्टीवर मी कितीतरी वर्षे निश्चिंत होते.

अशी कुटुंबे ओळखता यावीत म्हणून १९९१ मध्ये आम्सटरडॅम निकष प्रसिद्ध झाले. ते लक्षात ठेवायला तीन-दोन-एक म्हणतात: आजार झालेले तीन नातेवाईक, त्यांपैकी एक उरलेल्या दोघांचा अगदी जवळचा, लागोपाठच्या दोन पिढ्या, आणि किमान एकाला पन्नाशीच्या आत. सुरुवातीला त्यांत फक्त मोठ्या आतड्याचा कर्करोग मोजला जाई. त्या हिशोबाने आत्या मोजली गेलीच नसती. १९९९ मध्ये सुधारणा होऊन गर्भाशयाचे अस्तर, लहान आतडे, मूत्रवाहिनी आणि मूत्रपिंडाचा नळीकडचा भाग यांचा समावेश झाला. माझ्याकडे दोन माणसे होती आणि दोन प्रश्नचिन्हे. मग मी चुलत काकांना फोन केला. त्यांनी आठवडाभर शोधून जमिनीच्या कागदांच्या फाइलीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. आजोबांच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडतानाचा तो कागद होता. त्यावर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातली गाठ असे लिहिलेले होते आणि वय ४४ होते. म्हणजे बाबांना ज्या बाजूला झाला त्याच बाजूला, आणि बाबांपेक्षाही दोन वर्षे आधी. पस्तीस वर्षे आम्ही ज्याला पोटाचे दुखणे म्हणत होतो, त्याचे नाव त्या कागदावर होते.

आज केवळ अशा निकषांवर अवलंबून राहत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कुटुंबे लहान झाली आहेत. एखाद्याला भावंडेच नसतात, एखादीचे गर्भाशय दुसऱ्याच कारणाने लवकर काढलेले असते, एखादा वाहक, म्हणजे सदोष प्रत असलेला माणूस, आजार होण्यापूर्वी अपघाताने गेलेला असतो. म्हणून मोठ्या आतड्याच्या प्रत्येक कर्करोगाच्या नमुन्यावर त्या चार प्रथिनांची तपासणी करावी, अशी शिफारस आता अनेक वैद्यकीय संस्था करतात. नमुन्याला विशिष्ट रंग दिला की जे प्रथिन तयार होत नाही ते रंगत नाही. मात्र प्रथिन नाही म्हणजे लिंच सिंड्रोम आहेच असे नाही. मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत मायक्रोसॅटेलाइटची ही अस्थिरता असते, आणि त्यांतल्या बहुतेकांत एमएलएच१ चे जनुक वाढत्या वयात त्या गाठीपुरतेच बंद पडलेले असते. ते वारशाने आलेले नसते आणि पुढेही जात नाही. हा फरक करण्यासाठी आणखी एक-दोन चाचण्या असतात. ज्यांच्या घरात कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी पॅथॉलॉजीच्या अहवालात या प्रथिनांविषयी ओळ आहे का, एवढे जरूर पाहावे. ती नसेल तर विचारावे.

रक्ताची चाचणी कोणाची आधी करायची, हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा फार महत्त्वाचा निघाला. मी म्हणाले, माझी करा. समुपदेशकांनी नकार दिला आणि कारण सांगितले. घरात दोष नेमका कोणता हे माहीत नसताना निरोगी व्यक्तीची चाचणी केली आणि काही सापडले नाही, तर त्याचे दोन अर्थ होतात: एक, घरातला दोष तिच्याकडे आला नाही, दोन, घरातला दोष या चाचणीला दिसतच नाही. पहिला अर्थ दिलासा देणारा आहे आणि दुसरा मुळीच नाही, पण अहवालावर दोन्हींसाठी एकच शब्द छापलेला असतो. म्हणून ज्याला आजार झाला आहे त्याची चाचणी आधी करायची. बाबांच्या गाठीचा जपून ठेवलेला नमुना आता उपलब्ध नव्हता. उरली आत्या.

आत्याने आधी नाही म्हटले. ‘माझा गर्भाशयाचा होता, आतड्याचा नव्हता, आणि त्याला पंधरा वर्षे झाली. आता कशाला उकरायचे?’ तिच्या बोलण्यात भीतीपेक्षा वेगळे काही होते, ते मला दुसऱ्या भेटीत कळले. आपल्या मुलांना आपण काही वाईट दिले असे सिद्ध होईल, याचे तिला दुःख होते. मी तिला एवढेच सांगितले की सदोष प्रत तिलाही कोणाकडून तरी मिळालेली आहे, तिने ती निवडलेली नाही, आणि तिची चाचणी झाली नाही तर तिच्या दोन्ही मुलांसह आमच्यापैकी कोणालाही खात्रीचे उत्तर मिळणार नाही. ती चार दिवसांनी स्वतःहून तयार झाली. अहवाल आला तेव्हा एमएसएच२ मधला रोगकारक बदल त्यात स्पष्ट नोंदवलेला होता.

असे स्पष्ट उत्तर नेहमी मिळत नाही. अनेकदा अहवालात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असे लिहून येते, म्हणजे जनुकाच्या अक्षरांत फरक आहे पण त्याने प्रथिनाचे काम बिघडते का हे सांगण्याइतका पुरावा जमलेला नाही. अशा बदलावरून शस्त्रक्रियेसारखे निर्णय घेऊ नयेत आणि नातेवाइकांची चाचणीही करू नये. कुटुंबाच्या इतिहासानुसार तपासण्या चालू ठेवाव्यात आणि काही वर्षांनी त्या बदलाचा अर्थ नव्याने ठरला आहे का, हे विचारावे. असे बरेचसे बदल पुढे निरुपद्रवी ठरतात.

दोष माहीत झाल्यावर माझी आणि भावाची चाचणी सोपी होती: तेवढी एकच जागा पाहायची. प्रत्येक अपत्याला सदोष प्रत मिळण्याची शक्यता ५० टक्के असते आणि एकाला मिळाली की दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. माझ्याकडे ती आहे. भावाकडे नाही. नातेवाइकांपैकी कोणी म्हणाले की बघा, निम्मे निम्मे झाले; तसे काही नसते, दोघांनाही मिळू शकली असती आणि दोघांनाही नाही. भावाचा धोका आता सर्वसाधारण माणसाइतका आहे, आणि त्याच्याकडे नसलेली गोष्ट त्याच्या मुलांकडे जाऊ शकत नाही. हा धोका एक पिढी वगळून पुढच्या पिढीत उगवत नाही. भावाला आनंद झाला असेल असे मला वाटले होते. तो मात्र कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलू शकला नाही. चांगल्या अहवालाचेही ओझे असते, आणि ते त्याने एकट्याने उचलले याचे मला अजून वाईट वाटते.

माझी पहिली कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, त्याच महिन्यात झाली. आदल्या दिवशीची पोट साफ करण्याची औषधे त्रासदायक असतात हे खरे आहे. प्रत्यक्ष तपासणीचे मला काही आठवत नाही. उजव्या भागात एक लहान पॉलिप, म्हणजे अस्तरावर आलेली फोडासारखी वाढ, सापडला आणि तो तिथेच काढला गेला. सर्वसाधारणपणे अशा पॉलिपचा कर्करोग व्हायला दहा वर्षांच्या आसपास लागतात असे मानले जाते. लिंच सिंड्रोममध्ये हा प्रवास एक ते तीन वर्षांतही होऊ शकतो. म्हणूनच एमएलएच१ आणि एमएसएच२ च्या वाहकांना साधारण २० ते २५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी तपासणी सांगतात, आणि एमएसएच६ व पीएमएस२ च्या वाहकांना थोडी उशिरापासून. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांचा १५ वर्षे अभ्यास झाला; दर तीन वर्षांनी तपासणी करून घेणाऱ्यांमध्ये आतड्याचा कर्करोग ६२ टक्क्यांनी कमी आढळला. २००० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माझ्या बाबांची शस्त्रक्रिया त्यानंतरची आहे. माहिती जगात होती, ती आमच्या घरापर्यंत आली नव्हती.

अ‍ॅस्पिरिनविषयी मला अनेकजण विचारतात. लिंच सिंड्रोमच्या ८६१ वाहकांवर झालेल्या चाचणीत किमान दोन वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देण्याचे ठरलेल्या गटात पुढच्या दहा वर्षांत ९ टक्के लोकांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, आणि निष्क्रिय गोळी देण्याचे ठरलेल्या गटात १३ टक्के लोकांना. दहा वर्षांचे हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. फायदा लगेच दिसत नाही, काही वर्षांनी दिसू लागतो. पण अ‍ॅस्पिरिनने जठरात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांशी बोलूनच सुरू करायचे, आणि त्याने कोलोनोस्कोपी टळत नाही.

आजार झालाच तरी चित्र बाबांच्या वेळेसारखे राहिलेले नाही. चुका साठलेल्या या गाठींत इतकी अनोळखी प्रथिने तयार होतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना ओळखू शकते; गाठ मात्र तिला लगाम घालून ठेवते. तो लगाम सोडवणारी औषधे या प्रकारच्या कर्करोगांवर विशेष गुणकारी ठरली. २०१७ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला, कर्करोग कोणत्या अवयवातला आहे हे न पाहता केवळ मायक्रोसॅटेलाइटची अस्थिरता आहे या आधारावर मान्यता मिळाली. २०२२ मध्ये गुदाशयाच्या अशाच कर्करोगाच्या १२ रुग्णांवरचा अहवाल आला; डोस्टार्लिमॅब हे असेच औषध दिल्यावर बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. संख्या लहान आहे, हे मी विसरत नाही. तरी तो अहवाल मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना बाबांची आठवण आल्यावाचून राहिली नाही.

लिंच सिंड्रोम हा एकमेव आनुवंशिक धोका नाही. एपीसी या जनुकातल्या दोषाने किशोरवयापासूनच आतड्यात शेकडो, कधी हजारो पॉलिप येतात. उपचार न केल्यास साधारण चाळिशीपर्यंत कर्करोग जवळजवळ अटळ असतो, म्हणून मोठे आतडे वेळेत काढण्याचा सल्ला देतात. हे जनुक १९९१ मध्ये सापडले. यातल्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांच्या आई-वडिलांना काहीच नसते, दोष त्यांच्यातच नव्याने उद्भवलेला असतो. एमयूटीवायएच या जनुकाची तऱ्हा आणखी वेगळी, आणि २००२ पर्यंत ती माहीतच नव्हती. इथे आजारासाठी दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. आई-वडील दोघेही निरोगी वाहक, वरच्या पिढ्यांत कोणाला काही नाही, आणि भावंडांपैकी दोघांना आजार, असे चित्र दिसते. तेव्हा ‘आमच्या घराण्यात हे नाही’ हे वाक्य चुकीचा दिलासा देते. ओठांवर लहानपणापासून गडद ठिपके असणारा प्युट्झ-जेगर्स सिंड्रोम आणि इतरही काही दुर्मीळ प्रकार आहेत, पण त्यांच्याविषयी लिहिण्याइतका माझा अनुभव नाही.

हे सगळे विकार एकत्र केले तरी मोठ्या आतड्याच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे पाच टक्केच त्यांत बसतात. त्याहून कितीतरी अधिक रुग्णांच्या जवळच्या नात्यात कोणाला तरी हा आजार झालेला असतो आणि तरीही एकही ठळक दोष सापडत नाही. तिथे प्रत्येकी अगदी किंचित धोका वाढवणारे अनेक जनुकीय फरक, एकत्र राहण्यातून आलेल्या सवयी आणि योगायोग यांचे मिश्रण असावे. पण जनुक सापडले नाही म्हणजे धोका नाही असे होत नाही. आई, वडील किंवा सख्खे भावंड यांपैकी एकाला हा आजार झाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट असतो, आणि त्यांना तो साठीच्या आत झाला असेल तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. इथेही सारा हिशोब एका वयावर चालतो, आणि ते वय कोणीतरी लक्षात ठेवलेले असावे लागते.

लिंच सिंड्रोमचे वाहक साधारण तीनशे माणसांत एक असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नसते. माझ्या पाच चुलत-आते भावंडांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते; आजोबांच्या भावाची तीन नातवंडे आणि आत्याची दोन मुले. मी त्यांना फोन करण्याऐवजी पत्र लिहिले, कारण फोनवर माणूस लगेच ‘बरं’ म्हणतो आणि पत्र पुन्हा वाचता येते. पत्रात मी काय सापडले ते लिहिले, कोणाचे वय काय होते ते लिहिले, चाचणी करायची की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय आहे हे लिहिले, आणि कोणी केली नाही तरी माझा राग असणार नाही हेही लिहिले. लहान मुलांची चाचणी आत्ता करू नये, ती सज्ञान झाल्यावर त्यांनी स्वतः ठरवावे, हे मुद्दाम लिहिले, कारण लिंच सिंड्रोममध्ये तोपर्यंत कोणतीही तपासणी सुरू होत नाही आणि माहिती असून करण्यासारखे काही नसते. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिच्या वर्तुळाखाली मी काहीही लिहिलेले नाही.

तिघांची उत्तरे आली आहेत. एकाने आभार मानून विषय बंद केला. आत्याच्या मुलीने चाचणी करून घेतली, तिच्याकडे दोष नाही. तिसरे उत्तर आजोबांच्या भावाच्या धाकट्या नातवाचे होते. तो ३४ वर्षांचा आहे. त्याने लिहिले होते की त्याच्या आजोबांचे कागद कोणाकडे नाहीत, पण त्याच्या वडिलांची गेल्याच वर्षी एक शस्त्रक्रिया झाली, आणि घरात सगळ्यांना ती पोटाची होती एवढेच सांगितले गेले आहे. पॅथॉलॉजीचा अहवाल तो मागवतो आहे. चाचणी करणारी प्रयोगशाळा आमच्या घरातला बदल नेमका कोणता हे विचारते, तर ते कुठे लिहिलेले असते, असे त्याने विचारले होते. मी आत्याची परवानगी घेऊन तिच्या अहवालाच्या पहिल्या पानाची प्रत काढली, ती ओळ पेन्सिलने अधोरेखित केली आणि त्याच दिवशी पाठवून दिली.